संपदाताईची रद्दी

दार उघडलं आणि आत काळोख होता. साधासुधा नाही, विहिरीत डोकावल्यासारखा. जुलैतली संध्याकाळ, आठ वाजलेले. दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या जिन्यात निदान एक पिवळा दिवा होता, घरात तोही नाही. वैभवी पाठीवरची सॅक न उतरवता उंबऱ्यावरच थबकली. आत कुणीतरी कांदा परतत होतं. उलथन्याचा आवाज येत होता, फोडणीचा वास येत होता, आणि लांब कुठेतरी गॅसची निळी ज्योत आणि तिच्यावर फिरणारा एक हात, एवढंच दिसत होतं.

"ये गं. चपला उजवीकडे काढ. बॅग भिंतीला टेकव, वाटेत ठेवू नकोस."

वैभवी दचकून मागे सरली. बोलणारी बाई तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिला ती दिसलीच नव्हती.

"लाइट गेलीय का, ताई?"

"नाही बहुतेक. फ्रिज घुरघुरतोय ना." मग ती बाई स्वतःशीच हसली. "अच्छा अच्छा, तुला लाइट पाहिजे! सॉरी यार. बटणं तुझ्या डाव्या हाताला बघ."

वैभवीने चाचपत चारही बटणं दाबली. पंखा फिरला. बाकी काही नाही.

"ताई, बल्ब लागत नाहीयेत."

"कुठला?"

"एकही नाही."

मग कांद्याच्या दिशेने दुसरा आवाज आला, "अलकाताई, मी म्हटलं नव्हतं का तुला, कुणाला तरी बोलावून एकदा बघून घेऊ म्हणून?"

"अरे यार. कधी गेले असतील गं?"

"काय माहीत! दिवाळीत मिस्त्री आला होता तेव्हा होते म्हणे."

आणि दोघी अंधारात खो खो हसत सुटल्या. वैभवीला हसू आलं नाही. तिने फोनचा टॉर्च लावला, तेव्हा पहिल्यांदा तिला नीटनेटकी खोली दिसली, टेबलाखाली सरकवलेल्या खुर्च्या दिसल्या, आणि टॉर्च डोळ्यांवर पडूनही न हललेला एक चेहरा दिसला. आपण आंधळ्या बायकांबरोबर राहायला जाणार आहोत हे तिला महिनाभर माहीत होतं. आईला सांगून, अंबाजोगाईच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून झालं होतं. पण त्या घरात दिवा नसेल, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

वैभवी लोमटे, वय वीस. बी.ए.चं दुसरं वर्ष झालेलं, तिसऱ्याला एक वर्ष थांबून काहीतरी 'चांगलं काम' करायचं मनात घेतलेलं. अक्षर असं की शाळेत फळ्यावरचा सुविचार पाच वर्षं तिनेच लिहिला. दिल्लीतली एक संस्था दृष्टिहीन परीक्षार्थींना लेखनिक मिळवून देते, म्हणजे ते सांगणार आणि हा लिहिणार. त्यांना मराठी भराभर लिहिणारं कुणीतरी हवं होतं. नियम असा की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला पाहिजे. वैभवी नियमात बसली. पगार नाही, राहण्याजेवणाची सोय.

सोय म्हणजे हे घर. घर अलकाताईंचं. वय बेचाळीस, जन्म दिल्लीचा, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आता ते नाहीत, आईही नाही. अलकाताई नोएडाला बँकेत टेलिफोनवर. रोज सकाळी पांढरी काठी घेऊन मेट्रोने जातात आणि गर्दीला शिव्या घालत परत येतात. दुसरी, कांदा परतणारी, संपदाताई. सव्वीस वर्षांची, वाशीमची. इतिहासात एम.ए. तीन वर्षांपासून स्पर्धा परीक्षेची तयारी. यंदा तिने पूर्वपरीक्षा पार केली होती. मुख्य परीक्षा ऑगस्टच्या शेवटी. बाकीचे पेपर ती इंग्रजीत देणार होती, त्यांना संस्थेचा एक लेखनिक ठरलेला. पण वैकल्पिक विषय मराठी साहित्य, दोन पेपर, आणि तिथे दिल्लीत माणूस मिळेना. वैभवी आली ती त्या दोन पेपरांसाठी.

तिच्याआधी चिन्मयची चाचणी झाली होती. नोएडाचा चिन्मय सबनीस, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, घरात मराठी बोलणारा. अलकाताई त्याची नक्कल फार रंगवून करायच्या.

"संपदा सांगतेय, 'नायिका आजोळी वाढली.' हा थांबला. म्हणाला, 'दीदी, आजोळी मतलब? कोई डिस्ट्रिक्ट है क्या?'"

वैभवी हसून लोळायची. संपदाताई मात्र हसता हसता म्हणायची, "विचारलं तरी बिचाऱ्याने."

घराचे कायदे पहिल्या आठवड्यात कळले, बरेचसे मोडल्यावर. मिठाच्या डब्याला एक रबरबँड, साखरेच्या दोन. सुरी नेहमी ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, पातं भिंतीकडे. खुर्चीतून उठलं की खुर्ची आत. आणि दरवाजा एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. तिसऱ्या दिवशी वैभवीने न्हाणीघराचं दार अर्धवट लोटलं आणि अलकाताईंच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"सॉरी, सॉरी ताई! मी, म्हणजे तुम्ही दृष्टिहीन..."

"दृष्टिहीन म्हण, आंधळी म्हण, म्हातारी म्हण, चालेल," अलकाताई कपाळ दाबत म्हणाल्या. "दरवाजा अर्धा ठेवलास तर खून होईल यार. बहुतेक तुझा."

वैभवीला रोज नवा धक्का. संपदाताईचा फोन इतक्या वेगाने बोलायचा की ती कुठली भाषा आहे तेही कळू नये, आणि ही दात घासता घासता ते सगळं ऐकून वर त्याला नावं ठेवायची. अलकाताई दुधाच्या पिशवीला नुसतं बोट लावून सांगायच्या, कालचं आहे. वैभवीने शिडी मागून आणून बल्ब बदलले. घर उजळलं, आणि त्या उजेडात तिला एकटीला दिसायला लागलं की छताच्या कोपऱ्यात जळमटं आहेत, टाइल्सच्या फटी काळ्या आहेत, गॅलरीतल्या कपाटामागे धूळ आहे. तिचे हात शिवशिवायला लागले. आईची लेक होती ती. घरात पाहुणी गेली तरी आधी ओटा पुसायची.

रोज दुपारी तीन तास सराव. संपदाताई डोळे मिटून (का मिटायची कोण जाणे) सांगायची, वैभवी लिहायची, मग वाचून दाखवायची. दहाव्या दिवशी वाचून दाखवताना संपदाताईने हात वर केला.

"थांब. काय वाचलंस?"

"'या ओव्या रचणाऱ्या स्त्रिया...'"

"मी 'बायका' म्हटलं होतं."

"हो, पण ताई, परीक्षेत 'स्त्रिया' बरं वाटतं ना."

"कुणाला बरं वाटतं?"

वैभवीने 'स्त्रिया' खोडून वर 'बायका' लिहिलं.

"आणि मागच्या परिच्छेदात एक वाक्य मोठं झालंय. तूच वाढवलंस. बरोबर?"

"ते अर्धवट वाटत होतं म्हणून..."

"वैभवी, ऐक." संपदाताईचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "मी चुकले तर ती चूक लिहायची. मी अर्धवट बोलले तर अर्धवट लिहायचं. तिथे पर्यवेक्षक शेजारी बसलेला असतो. एक शब्द तू तुझा घातलास आणि त्याने पाहिलं, तर पेपर माझा जातो, तुझा नाही. तुला वाटलं तर थांब, विचार. पण मनाने काही करू नकोस."

"नाही करणार, ताई."

वैभवीने हे मनापासून म्हटलं होतं. तिचा दोष एवढाच की कागदाबाहेरही हे लागू आहे, असं तिला वाटलं नाही.

दिव्याची अवस जवळ आली. आषाढाचा शेवटचा दिवस. घरात दिवे घासायचे, मांडायचे, पुजायचे, आणि कणकेचे गोड दिवे करून खायचे. या घरात हे काढावं की नाही, म्हणून वैभवी दोन दिवस घुटमळली. शेवटी चहा पिताना बोलून गेली आणि जीभ चावली.

"दिव्याची अवस!" अलकाताई ओरडल्याच. "आई करायची यार! गुळाचे दिवे, वरून तूप. मी तेरा तेरा खायची. करशील?"

"करीन की. पण म्हणजे... दिवे..."

"लावायचे तुझ्या डोळ्यांसाठी, खायचे आमच्या तोंडासाठी. बिनधास्त कर."

वैभवीला केवढा हुरूप आला. अवसेच्या सकाळी अलकाताई बँकेत गेल्या, संपदाताई वाचनालयात. घर तिच्या एकटीच्या ताब्यात. तिने ओढणी नाकाला बांधली, सिंकखालचे रबरी हातमोजे चढवले आणि पदर खोचल्याच्या आविर्भावात घराला भिडली. जळमटं गेली. फटी पांढऱ्या झाल्या. वस्तू मात्र एकही हलवली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. उचलली, पुसली, तिथल्या तिथे. रबरबँडसुद्धा मोजून. टेबलावरच्या संपदाताईच्या फायली, जाड तपकिरी कागदांवर टोचलेलं ब्रेल, तिने देवाच्या पोथीसारख्या कोरड्या फडक्याने झटकल्या.

मग गॅलरीतलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात दोन पोती.

वैभवीने एक ओढून आत पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. फिल्मी मासिकं. गाड्यांच्या जाहिराती. गेल्या चार वर्षांची चकचकीत कॅलेंडरं, कुठल्याशा कंपनीचा रंगीत अहवाल. पानं सुटी, दमट हवेने फुगून खरखरीत झालेली. आंधळ्या बायकांच्या घरात नटनट्यांचे फोटो! कुणीतरी आपल्या घरची अडगळ इथे आणून कोंबली होती आणि या दोघींना पत्ताही नव्हता. माणसं किती नीच असतात, असं ती मोठ्याने म्हणाली.

खालून हाक आली, "कबाडीऽऽ, रद्दी-पेपरऽऽ!"

"भैया, ऊपर आओ! पैसे नहीं चाहिए, बस ले जाओ."

पाच वाजता संपदाताई आली. काठी दाराशी टेकवून तिने नाक वर केलं.

"फिनेलचा वास. गूळही. काय काय केलंस गं?"

"सगळं घर लख्ख! वस्तू जिथल्या तिथे हं, तपासून बघा."

संपदाताई खरंच खूश होऊन घरभर फिरली. ओट्यावर हात फिरवला, डब्यांच्या रबरबँडवर बोट ठेवलं, "शाब्बास" म्हणाली. "दिवे लावायला वेळ आहे ना? तोवर मी जरा उजळणी करते." आणि गॅलरीत गेली. कपाटाचं दार पूर्ण उघडलं. खाली वाकली.

वैभवी कणकेचा दिवा वळत होती, तिला दारातून सगळं दिसत होतं. संपदाताईचा हात खालच्या कप्प्यात गेला आणि हवेत फिरला. परत फिरला. मग डाव्या भिंतीला लागला, उजव्या भिंतीला लागला, तळाला टेकला आणि तिथेच राहिला.

"वैभवी. इथली पोती?"

"ती रद्दी होय! दिली मी."

"कुठली रद्दी?"

"ती जुनी मासिकं हो, फोटोंची. कुणी तरी तुम्हाला फसवून..."

"दिली म्हणजे कुणाला दिली?"

"कबाडीवाल्याला. दुपारी."

संपदाताई ओल्या फरशीवर मटकन बसली.

"टिंबं होती गं त्याच्यावर," ती म्हणाली. मग तिच्या तोंडून पुस्तकी मराठी गळून पडलं आणि वाशीमचं वर आलं. "काय केलं वो माय! तीन वर्सं हायेत माही त्याच्यात. समदं साहित्य हाय मराठीचं. काय केलं तू हे!"

वैभवीच्या हातातला दिवा चपटा झाला. फुगलेली पानं. खरखरीत पानं. दमट हवा नव्हती ती. ब्रेलला जाड कागद लागतो, विकतचा महाग, आणि मासिकांचा गुळगुळीत कागद टिंब छान धरून ठेवतो. वर नटी आहे की ट्रॅक्टर, बोटांना काय फरक! फोन मराठी वाचतो, पण दिवसभर कानात बोलणाऱ्या यंत्राने डोकं उठतं. बोटांनी वाचलेलं राहतं. म्हणून संपदाताईने ओळखीपाळखीच्या प्रत्येक घरातून जुनी मासिकं मागून आणली होती, आणि सुटी करून एकेक पान टोचलं होतं. हे सगळं वैभवीला नंतर अलकाताईंनी सांगितलं. त्या क्षणी तिला फक्त सिंकवर वाळत घातलेले रबरी मोजे दिसले. ते घातले नसते तर कळलं असतं.

अलकाताई सातला आल्या आणि दारातच थांबल्या. "घरात कुणी गेलंय का? आवाजच नाही."

संपदाताईने सांगितलं. तीन वाक्यांत. वैभवी रडत होती, पण आवाज न करता, म्हणून त्या घरात ते कुणाला कळलं नाही.

"अलकाताई, चिन्मयचा नंबर दे मला."

"चिन्मय? अगं, त्याला आजोळ म्हणजे जिल्हा वाटला होता!"

"माहीत नसलं तर विचारतो तरी," संपदाताई म्हणाली.

लेखनिकाचं नाव कळवायचा फॉर्म सोमवारपर्यंत पाठवायचा होता. पेपरांना चार आठवडे होते. कणकेचे दिवे ताटासकट फ्रिजमध्ये गेले, पेटवले नाहीत, खाल्ले नाहीत.

शुक्रवारी सकाळी त्या तिघी कबाडीवाल्याच्या गोदामात पोचल्या. अलकाताईंनी बँकेत फोन करून रजा टाकली होती. किशोरीलाल भला माणूस, त्याला वैभवी आठवत होती. पैसे न मागणारं गिऱ्हाईक विसरत नाही कुणी. गोदाम म्हणजे पत्र्याखाली कागदाचे डोंगर, आणि मधोमध गठ्ठे दाबायचं लोखंडी यंत्र. वैभवीने त्याच्याकडे बोट दाखवलं. ते एकदा फिरलं की टिंब न् टिंब सपाट.

"इसमें गया क्या, भैया?"

"अरे नहीं बिटिया, वो चिकना माल था। चिकना माल हम दबाते नहीं।"

वैभवीने सुटकेचा श्वास सोडला. फार लवकर सोडला.

"चिकना तो लिफाफे में जाता है। कल शाम को ही रामरती उठा ले गई।"

"लिफाफे में मतलब?" अलकाताईंनी विचारलं.

"मतलब थैली। मूँगफली वाले, चाट वाले ले जाते हैं। त्रिलोकपुरी में बनाती हैं औरतें।"

संपदाताई काठी वळवून चालायला लागली, आणि बाहेर जायचा रस्ता तिला दोघींपेक्षा आधी सापडला.

रामरतीची गल्ली जेमतेम दोन माणसं जातील एवढी. ओट्यावर तीन बायका बसलेल्या, मध्ये मैद्याच्या खळीचं पातेलं, आणि चहूकडे पिशव्या. पहिल्याच ढिगाच्या वर ती नटी, पोत्यातली, अर्धा चेहरा पिशवीच्या पुढच्या बाजूला आणि अर्धा घडीच्या आत.

"ताई," वैभवी म्हणाली. "ताई, आहेत. पण पिशव्या झाल्यात."

संपदाताईने हात पुढे केला. वैभवीने एक पिशवी तिच्या तळव्यावर ठेवली, अजून ओलसर. संपदाताईची बोटं तिच्यावरून सरकली. थांबली. मागे आली. ओल्या ठिकाणी टिंबं मऊ झाली होती, तिथे तिने नखाने चाचपलं. मग पिशवी फुगवून दोन बोटं आत घातली आणि आतल्या बाजूने वाचायला लागली. रामरती खळीचा हात तसाच ठेवून बघत राहिली.

"वऱ्हाडी बोली," संपदाताई पुटपुटली. "उच्चार... उदाहरणं... पुढचं चिकटलंय."

"हाय राम," रामरती म्हणाली, "ये तो पढ़ रही है! इसमें लिखा क्या है?"

"मेरी पढ़ाई है, दीदी. तीन साल की."

रामरतीने आधी पिशवीकडे पाहिलं, मग आपल्या बायकांकडे, मग वैभवीकडे. गुन्हेगार कोण, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पण तिचीही अडचण होती. माल सोमवारी सकाळी द्यायचा ठरलेला, थोडा गेलाही होता, आणि तेवढा कागद आणि तेवढे हात ती आणणार कुठून?

"कागज मैं दूँगी," अलकाताई म्हणाल्या. "हमारे बैंक में पुराने कैलेंडर भरे पड़े हैं।"

"और हाथ?"

"मैं बनाऊँगी," वैभवी म्हणाली. म्हणाली आणि थबकली. वळून तिने विचारलं, "ताई, बनवू ना?"

संपदाताईने पहिल्यांदाच तिच्या दिशेने तोंड केलं. "बनव."

शनिवार, रविवार वैभवी त्या ओट्यावर बसून होती. घडी, खळ, घडी. पहिल्या पन्नास पिशव्या रामरतीने फेकून दिल्या. "तेरी माँ ने कुछ सिखाया नहीं?" आणि आईने सगळंच शिकवलेल्या वैभवीने नवा कागद ओढला. पाठ धरली, बोटं चिकटली, सुंदर अक्षराचा इथे काही उपयोग नव्हता. संध्याकाळी ती मेट्रो स्टेशनखालच्या शेंगदाणेवाल्यांकडे उभी राहायची, त्यांच्या गाडीवरच्या पिशव्यांवर अंगठा फिरवायची. टिंब लागलं की पिशवी मागायची. एकाने विचारलं, "मैडम, दाने चाहिए कि लिफाफा?" दुसऱ्याने सरळ वेड्यात काढलं आणि दिली.

घरी अलकाताई वाफेवर पिशव्या धरून खळ सोडवायच्या. "बँकेत फोन सांभाळते, घरी भेळेची पिशवी. वा!" संपदाताई सुटलेली पानं ओळीने लावायची. बोलायची फक्त अलकाताईंशी. वैभवी पान उलगडून द्यायची आणि कडेचा फाटलेला तुकडा हातात धरून विचारायची, "ताई, हे फेकू?"

"नको."

"ताई, यावर एकच टिंब आहे. फेकू?"

"फेक."

"ताई, याच्यावर काही नाही, फक्त खळ आहे. फे..."

"अगं, प्रत्येक चिटोऱ्याला विचारू नकोस!"

अलकाताईंना हसू फुटलं. संपदाताई हसली नाही, पण 'अगं' म्हणाली होती. वैभवीने तो 'अगं' मनात जपून ठेवला.

पाचशे पानांतली पावणेतीनशे परत आली. त्यातली कितीतरी मधोमध मऊ झालेली, बोटाला न लागणारी. लोककथांचा भाग जवळजवळ सगळा गेला. तो कुठल्या तरी चौकात कुणाच्या तरी हातात शेंगदाणे होऊन गेला.

सोमवारी दुपारी संपदाताई टेबलाशी बसली. "फॉर्म छापून आणलास?"

"हो. दोन प्रती."

"लिही. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, फोनला वाचता येईल असं."

नाव, क्रमांक, विषय. वैभवी लिहीत गेली. हात खळीने सोललेले, तरी अक्षर रेषेत.

"लेखनिकाचं नाव." संपदाताई थांबली. "चिन्मय सबनीस."

वैभवीला तसं माहीत होतं. चार दिवस माहीत होतं. तरी तिचं पेन कागदावर थांबलं. सांगावंसं वाटलं की ताई, तो ज्ञ लिहिताना अडतो. त्याचा वेग माझ्या निम्मा आहे. दोन पेपर, शेकडो गुणांचे, एका रागापायी घालवू नका. हे सगळं खरं होतं, आणि संपदाताईच्या भल्याचं होतं. भल्याचं म्हणूनच तिने पोतीही दिली होती.

ती काही विचारणार नव्हती, कारण विचारण्यासारखं काही नव्हतं. नाव स्पष्ट सांगितलेलं होतं. तिने लिहिलं. सी, एच, आय. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ.

"झालं?"

"झालं."

"पेन थांबलं होतं मधे."

"थांबलं होतं. पण लिहिलं."

संपदाताईने फोन कागदावर धरला. यंत्राच्या बाईने गडबडीत वाचलं: "नेम ऑफ स्क्राइब, चिन्मय सबनीस." संपदाताईने परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिली.

"रागात ठरवलं होतं," ती म्हणाली. "बाहेरून ऐकलं तेव्हा कळलं, हे नाव मला नकोय. दुसरी प्रत घे."

वैभवीने घेतली.

"राग गेला नाहीये अजून. समजलं?"

"हो."

"लोककथा मला परत टोचायच्यात. सकाळी सहा ते आठ तू मला पुस्तक वाचून दाखवायचंस. जसं छापलंय तसं. वैभवी लोमटे लिही त्या जागेवर."

वैभवीने स्वतःचं नाव लिहिलं आणि पहिल्यांदाच तिचं अक्षर वाकडं आलं. फोनने ते 'लोमटी' असं वाचलं. आतल्या खोलीतून अलकाताई ओरडल्या, "लोमटी! चला, आज दिवे तळून खाऊ, शिळे झालेत!"

पहिला फॉर्म टेबलावर पडला होता, चिन्मयच्या नावाचा, आता निकामी. वैभवीचा हात सवयीने त्याच्याकडे गेला. चुरगळायला बोटं मिटली आणि तिथेच थांबली.

"ताई, हा टाकू?"

"कागद कसा आहे?"

वैभवीने अंगठ्याने चोळून पाहिला. "जाड आहे. चांगला आहे."

"मग टाकायचा कशाला? आण इकडे."

संपदाताईने फॉर्म उलटा केला, ब्रेलच्या पाटीत अडकवला, टोचणी उचलली आणि टक टक करत लोककथांचं पहिलं पान सुरू केलं.